पाडव्याच्या रात्रीचा तो उजेड आणि वैमानिकांना दिसणाऱ्या 'अनोळखी वस्तू': नेमकं काय असतं हे प्रकरण?

तारीख 2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याचा दिवस. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, रात्रीचे पावणेआठ-आठ वाजत आले होते. अशात विदर्भाच्या आकाशात एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जळत जाणाऱ्या ठिणग्यांची एक रांग सरकायला लागली. मागे लांब शेपट्या, पुढे पेटलेले तुकडे, आणि आवाज जवळपास नाहीच. लोकांनी मोबाईल बाहेर काढले. अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर चार थिअऱ्या फिरत होत्या: उल्का पडली, विमान कोसळलं, मिसाईल सुटलं आणि अर्थातच, एलियन आले.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. 33 दरवाजांची, अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि मागे डोळ्यांत न मावणारं पाणी. शहराच्या दिव्यांपासून लांब असल्यामुळे इथलं आकाश अजून बऱ्यापैकी काळं आहे. या धरणापासून सरळ दक्षिणेला रेघ मारली, तर साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही लागतं. त्या रात्री तिथल्या लाडबोरी गावात सुमारे 3 मीटर व्यासाची धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली. पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. नंतरच्या दिवसांत आजूबाजूला असेच आणखी तुकडे मिळाले. पोलिसांनी ते ठाण्यात नेऊन ठेवले आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

अवकाशातल्या वस्तूंचा हिशोब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चीनच्या 'लाँग मार्च 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत तो हळूहळू खाली येत होता. त्याला वातावरणात शिरायला मुहूर्त मिळाला तो आपल्या पाडव्याचा.

हे सगळं जमिनीवरून पाहिलेलं. पण समजा, त्याच वेळी तुम्ही 36 हजार फुटांवर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसला आहात. समोरून जळत्या तुकड्यांची रांग येतेय. ती तुमच्या उंचीवर आहे की वर, दहा किलोमीटरवर आहे की हजार, काहीच कळत नाही. रडारवर काही नाही. मागे दीडशे प्रवासी जेवतायत. काय कराल?

वैमानिकांना दिसणाऱ्या 'अनोळखी वस्तूं'चा खरा प्रश्न इथे सुरू होतो. आणि तो एलियनचा कमी, सुरक्षेचा जास्त आहे.

यूएफओचं यूएपी कधी झालं?

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला उडती तबकडी म्हणतो, तो शब्दच एका वैमानिकामुळे जन्माला आला. 24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन व्यावसायिक आपलं छोटं विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळून चालला होता. त्याला नऊ चकचकीत वस्तू एका ओळीत, प्रचंड वेगाने जाताना दिसल्या. त्या कशा उडत होत्या हे सांगताना त्याने पाण्यावर भिरकावलेल्या बशीची उपमा दिली. आपण नदीत चपटा दगड मारून भाकऱ्या काढतो ना, तसं काहीसं. म्हणजे उपमा चालीची होती, आकाराची नव्हती. पण वर्तमानपत्रांनी 'फ्लाइंग सॉसर' असा मथळा केला, आणि तेव्हापासून जगभर लोकांना बशीच्याच आकाराच्या गोष्टी दिसायला लागल्या! एका बातमीच्या मथळ्याने लोकांचे डोळे कसे घडवले, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुढे अमेरिकी हवाई दलाने 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट', म्हणजे यूएफओ हा शब्द रूढ केला. 'प्रोजेक्ट ब्लू बुक' नावाखाली 1952 ते 1969 या काळात तपास चालला. एकूण 12,618 नोंदींपैकी 701 नोंदींचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. दरम्यान सिनेमांनी यूएफओ या शब्दाचं इतकं वाटोळं केलं की अधिकाऱ्यांना तो तोंडातून काढायचीही लाज वाटायला लागली. त्यामुळे अलीकडे यूएपी हा शब्द वापरतात: 'अनआयडेंटिफाइड अनॉमलस फिनॉमिना'. अर्थ साधा आहे. आकाशात काहीतरी दिसलं, आणि ते काय आहे हे सध्या ओळखता आलेलं नाही. बस्स. 'ओळखता आलेलं नाही' आणि 'परग्रहावरून आलंय' या दोन वाक्यांमध्ये फार मोठं अंतर आहे.

वैमानिकाचा डोळा फसतो का?

फसतो. आणि यात वैमानिकाला कमी लेखण्यासारखं काही नाही.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून चंद्र आपल्यासोबत धावताना पाहिला असेलच. झाडं मागे पडतात, घरं मागे पडतात, चंद्र मात्र पाठ सोडत नाही. कारण तो इतका लांब आहे की आपल्या प्रवासाने त्याची दिशा बदलतच नाही. रात्री विमानातून दिसणारी शुक्राची चांदणी हेच करते. विमान वळलं की ती वळल्यासारखी वाटते, ढगाआड गेली की 'दिवे बंद करून पळाली' असं वाटतं. त्यात अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं, तर काही सेकंदांनी तो ठिपका आपोआप हलताना दिसायला लागतो. डोळ्याला तुलना करायला आजूबाजूला काहीच नसल्यामुळे हे होतं. वैमानिकांच्या प्रशिक्षणात हा भ्रम मुद्दाम शिकवला जातो.

तरी चूक होते, आणि महागात पडते. 14 जानेवारी 2011 च्या रात्री एअर कॅनडाचं टोरांटोहून झुरिचला निघालेलं बोईंग 767 अटलांटिकवर होतं. सहवैमानिक नुकताच डुलकीतून जागा झाला होता. समोरून दुसरं विमान येत असल्याचं त्याला सांगण्यात आलं. त्याने बाहेर पाहिलं, एक तेजस्वी ठिपका थेट अंगावर येतोय असं त्याला वाटलं आणि त्याने विमानाचं नाक खाली दाबलं. तो ठिपका शुक्र होता. खरं विमान हजार फूट खालून सुरक्षित चाललं होतं. या झटक्यात पट्टा न बांधलेले 14 प्रवासी आणि 2 कर्मचारी जखमी झाले.

आपल्याकडचं उदाहरण लष्करातलं आहे. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखमध्ये चीनच्या सीमेवर सैनिकांनी आकाशात प्रकाशमान वस्तू दिसल्याच्या 329 नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आलं. उत्तर आलं: गुरू आणि शुक्र. हसू येतं खरं, पण विचार करा. उंच, विरळ, कोरड्या हवेत ग्रह फार तेजस्वी दिसतात आणि समोर तणावाची सीमा आहे. त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं? नोंद केली हे त्यांनी बरोबरच केलं.

आता रॉकेटच्या तुकड्यांकडे परत येऊ. हे तुकडे जळतात साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवर. प्रवासी विमान उडतं 11 किलोमीटरच्या आसपास. पण एवढ्या उंचीवरून क्षितिज खूप लांब जातं. साधा भूमितीचा हिशोब केला, तर 80 किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू वैमानिकाला तेराशे किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसू शकते. म्हणजे नागपूरवरून जाणाऱ्या वैमानिकाला जी वस्तू 'माझ्याच उंचीवर, समोरच' वाटते, ती प्रत्यक्षात बंगालच्या उपसागरावर असू शकते. ओळखायची एक खूण आहे. उल्का दोन-चार सेकंदांत विझते. रॉकेटचा किंवा उपग्रहाचा कचरा मात्र निवांत, मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ दिसत राहतो, कारण तो जवळपास आडवा आणि उल्केपेक्षा हळू येतो.

स्टारलिंक उपग्रहांनी या गोंधळात अलीकडे मोठी भर घातली आहे. नवे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण वैमानिकांना दिसतं ते याहून चमत्कारिक. क्षितिजाजवळ एकाच जागी दिवे लागतात, सरकतात, विझतात, पुन्हा लागतात. खाली गेलेल्या सूर्याचा प्रकाश उपग्रहांच्या सपाट अंगावरून ठरावीक कोनात परावर्तित झाला की असं होतं. 2022 मध्ये पॅसिफिकवरून जाणाऱ्या वैमानिकांनी कळवलेल्या अशा दिव्यांचं कोडं संशोधकांनी उपग्रहांच्या कक्षा ताडून सोडवलं होतं.

विदर्भाच्या आकाशात फुगेही असतात

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण याबद्दल फारसं बोललंच जात नाही.

नागपूरच्या हवामान केंद्रावरून रोज हवेत फुगा सोडला जातो. त्याला एक छोटी पेटी बांधलेली असते, जी तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची माहिती रेडिओने खाली पाठवते. जगभरातली केंद्रं एकाच वेळी निरीक्षण घेतात. आपल्या घड्याळानुसार ती वेळ सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचची, आणि फुगा त्याच्या थोडा आधी निघतो. सेकंदाला साधारण पाच मीटर या वेगाने चढत तो पाऊण तासाच्या आत प्रवासी विमानांच्या उंचीवर पोचतो, आणखी वर जाऊन फुगत फुगत फुटतो. थंडीच्या दिवसांत ही वेळ बरोबर सूर्यास्ताशी जुळते. खाली अंधारून येतंय आणि वर एक पांढरा गोळा सोन्यासारखा चमकतोय. आहे की नाही यूएफओ?

याहून मोठे फुगे हैदराबादहून येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं तिथे फुगे सोडण्याचं केंद्र आहे. वैज्ञानिक उपकरणं घेऊन हे अवाढव्य प्लास्टिकचे फुगे 30 ते 42 किलोमीटर उंचीपर्यंत जातात आणि वाऱ्यासोबत वाहत राहतात. प्रयोग संपला की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. ती तेलंगण, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातल्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतही उतरू शकतात, म्हणून संस्था दर हंगामात जाहीर सूचना काढते: घाबरू नका, हात लावू नका, पेटीवरच्या पत्त्यावर कळवा. इतक्या उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे सूर्य मावळून वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी या फुग्यावर ऊन असतं.

फुगे निरुपद्रवी वाटतात, पण त्यांचा इतिहास तसा नाही. 7 जानेवारी 1948 रोजी अमेरिकेत केंटकीमध्ये कॅप्टन थॉमस मँटेल हा लढाऊ वैमानिक आकाशातल्या एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करत वर वर गेला. पुरेशा ऑक्सिजनअभावी त्याची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळलं आणि तो गेला. ती वस्तू म्हणजे तेव्हा गुप्त असलेल्या 'स्कायहूक' प्रकल्पाचा फुगा होता, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. आणि हे जुनंच आहे असंही नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या एका बोईंगची कॉकपिटची काच युटा राज्यावर 36 हजार फुटांवर तडकली, काचेचे कण लागून वैमानिक जखमी झाला. आपला हवामान फुगा धडकला असावा, असं नंतर विंडबोर्न या कंपनीने सांगितलं.

मग रडार काय करतं?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. 'रडारवर दिसलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतं' हे खरं नाही.

हवाई वाहतूक नियंत्रक मुख्यतः ज्या रडारवर अवलंबून असतात, ते एक प्रकारे हाक मारतं, आणि विमानातलं ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र 'मी अमुक विमान, अमुक उंचीवर' असं उत्तर देतं. उत्तर न देणारी गोष्ट या रडारला दिसत नाही. फुगा उत्तर देत नाही, ड्रोन देत नाही, गिधाड तर नाहीच नाही. दोन विमानं जवळ आली की कॉकपिटमध्ये इशारा देणारी टीकॅस यंत्रणाही याच उत्तरांवर चालते. लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणारं दुसऱ्या प्रकारचं रडार असतं, पण त्याचा पल्ला मर्यादित असतो आणि लहान वस्तू त्यातून निसटतात. त्यामुळे एवढं तंत्रज्ञान असूनही काही बाबतीत शेवटचा भरवसा वैमानिकाच्या डोळ्यांवरच राहतो.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे दिल्ली-चेन्नई, दिल्ली-हैदराबाद, मुंबई-कोलकाता अशा मार्गांवरची विमानं याच भागावरून जातात. भंडाऱ्याला लागून असलेल्या गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, म्हणजे नवशिके वैमानिकही याच आकाशात असतात. त्यातल्या कुणाला काही वेगळं दिसलं, तर पद्धत ठरलेली आहे. रेडिओवर नियंत्रकाला वेळ, जागा, उंची, वस्तूची दिशा आणि हालचाल सांगायची. नियंत्रक रडार पाहतो, आसपासच्या विमानांना 'तुम्हाला काही दिसतंय का' विचारतो, फुगा किंवा रॉकेटबद्दल आधीच निघालेली सूचना आहे का ते तपासतो आणि गरज वाटली तर हवाई दलाला कळवतो.

ऑक्टोबर 2014 मध्ये असंच घडल्याच्या बातम्या आल्या होत्या. जेट एअरवेजच्या एका वैमानिकाला पुण्याजवळ, सुमारे 26 हजार फुटांवर, हिरवट-पांढरी वस्तू दिसली आणि तिने ते नियंत्रण कक्षाला कळवलं. हिरवा रंग तेजस्वी उल्कांमध्ये नेहमीचा आहे, पण तेवढ्यावरून निदान करणं म्हणजे फोनवरून ताप किती ते सांगण्यासारखं. अशा घटनेत महत्त्वाचं हे की तिने कळवलं.

कारण सगळे कळवत नाहीत. 17 नोव्हेंबर 1986 रोजी जपान एअरलाइन्सच्या मालवाहू बोईंग 747 चे कॅप्टन केंजू तेराउची यांनी अलास्कावर आपल्या विमानासोबत प्रकाशमान वस्तू चालत असल्याचं कळवलं. एक वस्तू तर प्रचंड मोठी असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकी यंत्रणांनी रडारवरच्या खुणेचा अर्थ तांत्रिक दोष असा लावला. माध्यमांशी बोलल्यानंतर तेराउची यांना काही काळ उड्डाणातून काढून टेबलाच्या कामावर बसवण्यात आलं, असं सांगितलं जातं. ही गोष्ट वैमानिकांच्या जगात पिढ्यान्पिढ्या फिरत राहिली. वैद्यकीय तपासणीवर ज्याची नोकरी टिकते, तो माणूस 'मला विचित्र दिवे दिसले' हे लिहून देताना दहा वेळा विचार करणारच.

अमेरिकेने शेवटी काय सांगितलं?

14 नोव्हेंबर 2004 रोजी कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी सॅन डिएगोजवळच्या समुद्रावर पांढरी, पंख नसलेली, टिकटॅकच्या गोळीसारखी वस्तू पाहिली. जवळच्या युद्धनौकेच्या रडारवर आधीचे काही दिवस अनोळखी खुणा दिसत होत्या. फ्रेव्हर जवळ जायला लागताच ती वस्तू क्षणात निघून गेली, असं ते आजही ठामपणे सांगतात. या चकमकीचा सगळ्यांना पटेल असा उलगडा झालेला नाही. तिचा आणि आणखी दोन घटनांचे व्हिडीओ पेंटागॉनने 27 एप्रिल 2020 रोजी अधिकृतपणे जाहीर केले आणि हा विषय एकदम 'सभ्य' झाला.

जून 2021 च्या सरकारी अहवालात 144 नोंदी होत्या. खात्रीने सुटली ती एकच: हवा जात असलेला मोठा फुगा. मथळे झाले ते '143 रहस्यं' असे. पण त्याच अहवालातला एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 11 घटनांमध्ये वैमानिकांनी वस्तू धोकादायक अंतरावरून गेल्याचं नोंदवलं होतं. नासाच्या समितीने सप्टेंबर 2023 मध्ये आणि पेंटागॉनच्या खास कार्यालयाने मार्च 2024 मध्ये सांगितलं की परग्रहाशी संबंध जोडणारा पुरावा मिळालेला नाही. बहुतेक नोंदी सुटत नाहीत, कारण माहितीच अपुरी असते, अंतर माहीत नसतं, कॅमेरा दुसऱ्याच कामासाठी बनवलेला असतो.

भारतात विमानं थांबली तो दिवस

19 नोव्हेंबर 2023, रविवार. इंफाळ विमानतळाजवळ दुपारी अडीचच्या सुमारास आकाशात एक वस्तू साध्या डोळ्यांनी दिसली. विमानतळाने हवाई हद्द बंद केली. दोन विमानं दुसरीकडे वळवली, तीन विमानांचं उड्डाण रखडलं, सुमारे तीन तास वाहतूक ठप्प होती. हवाई दलाने हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, शोधासाठी राफेल विमानं गेली. वस्तू पुन्हा दिसली नाही. मणिपूर तेव्हा अशांत होतं, सीमा जवळ होती, ड्रोनची भीती खरी होती. अशा ठिकाणी नियंत्रकाने 'फुगाच असेल' म्हणून विमान उतरवायला परवानगी द्यायची का? 'अनोळखी' या एका शब्दाची किंमत अशी मोजावी लागते.

रॉकेटच्या कचऱ्याचंही तेच. 4 नोव्हेंबर 2022 रोजी चीनच्या 'लाँग मार्च 5बी'चा अनियंत्रित टप्पा येतोय म्हणून स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग जवळपास 40 मिनिटं बंद ठेवला आणि शेकडो उड्डाणांना उशीर झाला. विशेष म्हणजे अशा कचऱ्याची जबाबदारी कुणाची, हे 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात आधीच लिहिलेलं आहे. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं, तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. भारत आणि चीन दोघेही या करारात आहेत. उडत्या विमानाचा उल्लेख पन्नास वर्षांपूर्वीच झालाय, हे वाचून मला जरा आश्चर्य वाटलं होतं.

तुम्हाला दिसलं तर?

व्हिडीओ काढताना फक्त दिव्यावर झूम करू नका. फ्रेममध्ये झाड, विजेचा खांब, धरणाची भिंत, काहीतरी स्थिर येऊ द्या. गोसीखुर्दच्या काठावरून काढत असाल तर पाण्याची कडही चालेल. त्यावरून दिशा आणि उंचीचा कोन काढता येतो. नेमकी वेळ आणि तुमची जागा लिहून ठेवा. पाडव्याच्या रात्रीचा उलगडा लवकर झाला, कारण शेकडो लोकांच्या व्हिडीओंवर वेळ होती आणि ती रॉकेटच्या टप्प्याच्या मार्गाशी ताडता आली.

आणि शेतात धातूचा गोळा, कडी किंवा पॅराशूटला बांधलेली पेटी सापडली, तर हात लावू नका. रॉकेटच्या काही इंधनांचे अंश विषारी असतात, टाक्यांमध्ये दाब शिल्लक असू शकतो. लांबूनच फोटो काढा, पोरांना आणि जनावरांना दूर ठेवा, आणि पोलीस पाटील, तहसील कार्यालय किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. भंगारवाल्याला नंतर फोन करायचा.